मयताची खबर आम्ही नेली, आमची मयते मोजली कोणी?

१२ एप्रिल २०२० रोजी सोलापूर शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तो पाच्छा पेठ परिसरातला होता आणि अहवाल हाती आला तेव्हा तो या जगात नव्हता. दोनच दिवसांनी १४ एप्रिल होती. सोलापूरची जयंती ज्याने पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. मंडळांचे देखावे, लेझीम, रात्र रात्र जागणारी बुधवार पेठ. त्या वर्षी यातले काहीही झाले नाही. आम्ही दारात मेणबत्ती लावली, घरातल्या फोटोला हार घातला, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि दार लावून घेतले. कुणी लाठी घेऊन सांगायला आले नव्हते. पुढच्या वर्षी, २०२१ लाही तेच केले. त्याच आठवड्यात, १७ एप्रिल २०२१ ला, आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीचे मतदान झाले. त्याआधीच्या प्रचारसभांची गर्दी सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. शिस्त कुणी पाळली आणि कुणी मोडली, याचा हिशेब इतिहासात राहावा म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

त्या दिवसांत एक वाक्य फार ऐकू आले, "विषाणूला जात नसते." टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी. वाक्य खरे आहे. विषाणूला जात नसते. पण ज्या खोलीत माणूस राहतो त्या खोलीला जात असते. ज्या नळावर तो पाणी भरतो, जे काम तो करतो, ज्या यादीत त्याचे नाव असते किंवा नसते, त्या सगळ्याला जात असते. शिवाय साथ संपल्यावर मेलेल्यांची मोजणी कशी करायची, हे ठरवणाऱ्या टेबलालाही जात असते.

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. आपल्या भागातील साथींचा आणि लसीकरणाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दिसते की मरण वस्ती बघून येते, आणि ते तसे येते हे सिद्ध करायला आकडा लागतो. इंग्रजांच्या काळात तो आकडा काही ठिकाणी तरी ठेवला गेला. २०२० मध्ये, स्वतंत्र भारतात, बाबासाहेबांच्या संविधानाखाली तो ठेवला गेला नाही.

देवी काढणारा आला

लसीकरण आपल्याकडे नवीन नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावर आलेल्या फोडातून लस काढून ती दुसऱ्या मुलांना दिली गेली, त्यांच्याकडून तिसऱ्यांना. तेव्हा बर्फाचा डबा नव्हता, शीतसाखळी नव्हती. लहान मुलाचा दंड हीच शीतसाखळी. एका मुलाच्या दंडातून दुसऱ्या मुलाच्या दंडात, अशी ही लस गावोगाव गेली. खेड्यातली म्हातारी माणसे लस टोचण्याला "देवी काढणे" म्हणत, ते याच काळापासून.

आता विचार करा, जातीच्या समाजात ही पद्धत कशी चालली असेल? वरच्या जातीच्या आईबापांची तक्रार असे की खालच्या जातीच्या पोराच्या अंगातले पाणी आमच्या पोराच्या अंगात जाते, विटाळ होतो. आणि दुसरीकडे, फोड आलेले मूल गावोगाव फिरवायचे, त्याच्या दंडातून पुन्हा पुन्हा लस काढायची, तर त्यासाठी बहुतेक वेळा गरिबाचे, खालच्या जातीचेच मूल मिळे. चार पैशांसाठी आई तयार होई. म्हणजे सावली नको, हातचे पाणी नको, पण जीव वाचवायचा असला की त्याच दंडातली लस चालते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरापासून लस तयार होऊ लागली आणि दंडाची ही पद्धत मागे पडली. त्या पोरांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. ॲना डस्टहॉलचे नाव आहे.

१८९७ : दोन इतिहास

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा.

मुंबईतून गिरणी कामगार पळत सुटले. रेल्वे होतीच. ज्या गाडीने माणूस गावी आला त्याच गाडीने प्लेगही आला. मुंबई-पुणे-सोलापूर या लोहमार्गावरची गावे एकामागून एक उठली. गाव उठणे म्हणजे घराला कुलूप लावून रानात झोपड्या टाकणे. आमच्या आज्यांच्या तोंडी "गाठीचा ताप" हा शब्द आला की त्यामागून "गाव उठलं" हा शब्द यायचाच. सोलापूरही यातून सुटले नाही.

मुंबईत त्या काळी एकेका जातीने, एकेका समाजाने आपापली प्लेगची रुग्णालये काढली. ज्या समाजाकडे शेटजी होते त्यांना आपला डॉक्टर, आपला आचारी, आपले पाणी मिळाले. ज्यांच्याकडे शेटजी नव्हते त्यांच्या वाट्याला सरकारी छावणी आली.

पुण्यात काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. रँड, गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून केलेली तपासणी, देवघरात बूट, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांची गोळी. हा एक इतिहास. आमच्या पिढीने तो परीक्षेत लिहून गुण मिळवले.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, त्या गोळीच्या साडेतीन महिने आधी दुसरा इतिहास घडला होता. सावित्रीमाई फुले यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याला सुट्टी काढून बोलावले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा पोरगा आजारी पडला तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पोरगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारा माणूस. पाच आठवड्यांत सत्यशोधक चळवळीने आपली दोन मोठी माणसे साथीत रुग्णसेवा करताना गमावली.

साथीचा इतिहास म्हणून कोणता सांगायचा, हे ठरवणेही राजकारणच आहे. ज्यांच्या देवघरात बूट गेला त्यांचा अपमान इतिहास झाला. ज्यांचे पोर पाठीवरून दवाखान्यात गेले त्यांची गोष्ट सावित्रीमाईंच्या स्मृतिदिनापुरती राहिली. सोजिरांचे वागणे चुकीचे नव्हते असे मी म्हणत नाही. माणसाच्या घरात असे घुसणे चुकीचेच. पण महारवाड्यात तर पाटील-चौकीदार रोजच न विचारता घुसत होते. त्याला कुणी प्लेग म्हटले नाही.

प्लेगमधून एक गोष्ट निघाली तिचा बाबासाहेबांशी थेट संबंध आहे. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून नवीन घरे बांधण्यासाठी १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. प्लेगने घडवलेल्या चाळीत आमचा बाप राहिला, तिथेच दोन खोल्यांत त्याने संसार केला आणि अभ्यास केला.

१९१८ : मानमोडी आणि एक आकडा

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. पावसाळ्यानंतरची दुसरी लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आपल्यासारख्या दुष्काळी भागात उपास आणि ताप एकाच वेळी घरात आले. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे गेली. देशाचा आकडा साधारण सव्वा कोटी किंवा त्याहूनही जास्त धरला जातो.

पण मला सांगायचा तो आकडा वेगळा आहे. मुंबई शहरात त्या साथीतले मृत्यू समाजवार नोंदले गेले. दर हजारी मृत्यू असे :

युरोपियन ८.३
पारशी ९.०
मुसलमान १९.२
इतर हिंदू १८.९
खालच्या जातींचे हिंदू ६१.६

पुन्हा वाचा. सवर्ण हिंदू हजारात १९, आणि आमची माणसे हजारात ६१ पेक्षा जास्त. एकच शहर, एकच महिना, एकच विषाणू. तिप्पट मरण.

हा आकडा मुंबईचा आहे, सोलापूरचा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण गिरणीगावची चाळ आणि सोलापूरच्या जुन्या गिरणीभोवतालची चाळ यांत फार फरक नव्हता. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, पाण्याला रांग, आजारी पडले तर मजुरी बंद. त्यात आमच्या माणसांना कापडखात्यात प्रवेश नव्हता, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. म्हणून कमी पगाराचे काम, म्हणून आणखी वाईट खोली, म्हणून अंगात आणखी कमी ताकद. विषाणूला जात नसते ती अशी.

हा आकडा आज आपण सांगू शकतो तो फक्त एका कारणाने, कुणीतरी मेलेल्या माणसाची जात लिहून ठेवली. इंग्रजांनी ती आमच्या प्रेमापोटी लिहिली नव्हती. त्यांना राज्य चालवायला रकाने लागत होते. पण रकाना होता म्हणून पुरावा उरला.

बाबासाहेब आकड्यासाठी का भांडले

मानमोडी ओसरत होती त्या काळात, नोव्हेंबर १९१८ मध्ये, बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी हवेत, ही त्यांची मागणी होती. प्रमाणात म्हणायचे तर आधी संख्या लागते. १९३२ मध्ये लोथियन समितीचे काम चालू असताना संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल इकडच्या पुढाऱ्यांनी नवाच पवित्रा घेतला : आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. जो प्रश्न कालपर्यंत डोळ्यांसमोर होता तो प्रतिनिधित्व द्यायची वेळ आली तेव्हा अदृश्य झाला. बाबासाहेबांनी त्या समितीत आपली वेगळी टिपणी जोडून या लपवाछपवीचा समाचार घेतला.

यातून आपण काय शिकायचे? हक्क नाकारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मोजणीच न करणे. तुम्ही आकड्यात नाही, म्हणून तुम्ही प्रश्नात नाही, म्हणून तुम्ही अंदाजपत्रकातही नाही.

सोलापूरला बाबासाहेबांचे हे शहाणपण लवकर मिळाले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ ची. जानेवारी १९२५ मध्ये सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते सोलापुरात. शिकलेली पोरे अर्ज लिहितील, यादी तपासतील, आकडा विचारतील, हाच त्यामागचा हिशेब. आज मी हे लिहितो तो त्या वसतिगृहाच्या व्याजावर लिहितो असे मी मानतो.

२०२० : सोलापूरची पेठ

आता आपल्या डोळ्यांदेखतचा इतिहास. पहिल्या लाटेत सोलापूर शहर राज्यात गाजले ते मृत्यूंच्या प्रमाणामुळे. जून २०२० मध्ये शहरातले ४० मृत्यू आधी नोंदलेच गेले नव्हते, हे महापालिकेला जाहीर करावे लागले. चाळीस माणसे मेली, जाळली गेली, पुरली गेली आणि आकड्यात नव्हती. जुलैत पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली.

टाळेबंदी म्हणजे घरात बसणे. पण घर म्हणजे काय? सोलापुरात हजारो बायका विडी वळतात. त्यांच्यासाठी घर हाच कारखाना. पाने भिजवायची, कापायची, वळायची, आणि मोजून कारखान्यात नेऊन द्यायची. कारखाना बंद तर आठवड्याचा पगार बंद. तंबाखूच्या धुळीने छाती आधीच पोखरलेली. यंत्रमागावरच्या माणसाची तीच गत, फक्त धूळ सुताची. महापालिकेचा सफाई कामगार तर घरात बसूच शकत नव्हता. सगळे शहर दाराआड गेले तेव्हा रस्त्यावर पोलीस होते, नर्स होत्या, आशाताई होत्या आणि झाडू घेतलेला आमचा माणूस होता.

तेव्हा "सोशल डिस्टन्सिंग" हा शब्द आला. आमच्यातल्या अनेकांनी सुरुवातीलाच सांगितले की शब्द शारीरिक अंतर असा वापरा. सामाजिक अंतर आम्ही दोन हजार वर्षे भोगले आहे. काहींना हा शब्दच्छल वाटला. पण त्याच काळात गावोगाव "शिवाशिव पूर्वजांनी शोधली ती आरोग्यासाठीच" असे संदेश फिरत होते. साथीच्या आडून अस्पृश्यतेला शास्त्राचा मुलामा द्यायचा डाव होता. विटाळ आणि संसर्ग यांतला फरक साधा आहे. संसर्ग चौदा दिवसांत संपतो. विटाळ जन्मभर पुरतो आणि पोरांना वारसाहक्काने मिळतो.

चांगल्या गोष्टीही झाल्या, त्या लपवू नयेत. आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील घाटणे आणि दक्षिण सोलापुरातील अंत्रोळी या गावांचे कोरोना रोखल्याबद्दल मुख्यमंत्र्यांनी मे २०२१ मध्ये राज्यासमोर कौतुक केले. अशा गावांनी काय केले? घरोघर जाऊन नोंद, तपासणी, लवकर विलगीकरण. म्हणजे पुन्हा मोजणीच. हे काम खाली उतरून केले ते आशाताईंनी. त्यांच्या हातात काय पडले? जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना संपावर जावे लागले, तेव्हा कुठे मानधनात हजार रुपये आणि कोविड भत्त्यापोटी पाचशे वाढले.

लस : यादीत कोण?

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस घेतली ती मनीष कुमार या सफाई कामगाराने. फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. मला त्याचा अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू. पण इथे वस्तीत आम्हाला भेटलेल्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी काहींची नावे पहिल्या यादीत नव्हती. यादी ठेकेदाराने द्यायची होती, आणि ठेकेदाराच्या कागदावर माणसे कमी, रस्त्यावर जास्त, हा जुना खेळ. पीएफ वाचवायला जी नावे लपवली होती तीच नावे लसीच्या वेळी सापडेनात. कचरा वेचणाऱ्या बायकांना तर ठेकेदारही नव्हता. त्या फ्रंटलाइनच्याही पुढच्या लाइनमध्ये होत्या, पण कुठल्याच यादीत नव्हत्या.

मग आला मे २०२१. १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लस खुली झाली, पण नोंदणी फक्त कोविनवर. स्मार्टफोन, इंटरनेट, ओटीपी आणि इंग्रजी. कोविन मराठीत आले ते जूनच्या सुरुवातीला. संध्याकाळी केंद्राची वेळ खुली झाली की दोन मिनिटांत संपायची. शहरातला गाडीवाला तरुण तीस-चाळीस किलोमीटर लांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नंबर लावून लस घेऊन परत येई, आणि त्या गावचा शेतमजूर दाराबाहेर उभा राही.

आम्ही चार जण विहारात दोन मोबाइल घेऊन बसायचो. एका नंबरावर चौघांचीच नोंद होई, म्हणून नंबर कमी पडायचे. एक विडी कामगार मावशी आल्या. साठीच्या जवळ. त्यांना वयामुळे आधीच लस मिळायला हवी होती, पण आधारचा घोळ होता. म्हणाल्या, "बाळा, माझं बोट रेशनच्या मशीनला बी उमटत नाही. तुझ्या फोनला कुठलं उमटतंय?" पाने वळून वळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. आयुष्यभर ज्या बोटांनी राबले त्याच बोटांनी त्या सरकारदरबारी स्वतःला सिद्ध करू शकत नव्हत्या. त्यांना लस मिळाली, पण दोन महिने उशिरा.

पैशाची गोष्ट वेगळीच. खासगी रुग्णालयासाठी कोविशील्डचा एक डोस ६०० रुपयांना, कोव्हॅक्सिन १,२०० ला. जूनमध्ये सरकारने कमाल दर बांधले ते ७८० आणि १,४१०. कोविशील्ड तेव्हा बनत होती आपल्या पुण्यात, सोलापूरहून चार-पाच तासांवर. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाला पैसे मोजायला लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवले, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे काय असा सरळ प्रश्न केला. ७ जूनला सर्वांना मोफत लस देण्याची घोषणा झाली. इथे कोर्टात शब्द चालला तो कलम १४ आणि २१ चा. बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली कलमे चाळीस अंश उन्हात विहाराबाहेर उभ्या असलेल्या मावशीच्या कामी आली.

आपल्याही चुका सांगतो. आमच्या वस्तीतही "सुई घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो" हा संदेश फिरला. बुद्धाचे नाव घेणारी माणसेही तो पुढे पाठवत होती. कालामसुत्त रोज ऐकायचे आणि व्हॉट्सॲपवर आलेले डोळे मिटून मानायचे, हे कसे चालेल? आम्ही वाद घातला नाही. विहारातल्या ज्येष्ठांनी आधी लस घेतली आणि दर रविवारी वंदनेला येऊन बसले. या आणि पाहा, असे धम्म सांगतो. लोकांनी पाहिले आणि आले. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुणारा शास्ता ज्यांचा आहे, त्यांना रुग्णसेवा कुणी शिकवायला नको. फक्त आठवण करून द्यावी लागते.

मेल्यावरचा कागद

साथ गेली. मग सुरू झाला कागदाचा खेळ. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्यावर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्रात तेव्हा नोंदलेले मृत्यू एक लाख चाळीस हजारांच्या आसपास होते. अर्ज आले दोन लाखांहून जास्त. ही वरची माणसे कुठून आली? ती आधीच मेली होती, फक्त मोजली नव्हती.

देशपातळीवर हेच दिसते. मृत्यूंच्या सरकारी नोंदणीत २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख मृत्यू आहेत. एका वर्षात एकवीस लाखांची उडी. त्या वर्षीचे हे आकडे जाहीर झाले मे २०२५ मध्ये, चार वर्षांनी.

आमच्या ओळखीची एक ताई. नवरा बिगारी. ताप आला, दम लागला, खाट मिळाली नाही, घरातच गेला. तपासणी झाली नव्हती. दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले गेले. पन्नास हजारांसाठी ती चार कार्यालये फिरली. तिच्याकडे नवऱ्याचे मरण होते, मरणाचे कारण नव्हते.

आता मूळ मुद्दा. आपल्या मृत्यू नोंदणीच्या सरकारी नमुन्यात धर्माचा रकाना आहे. व्यवसायाचा आहे. मयत विडी ओढत होता का, तंबाखू खात होता का, सुपारी खात होता का, दारू पीत होता का, हे सगळे विचारतात. तो अनुसूचित जातीचा होता का, हे विचारत नाहीत. कोविनने वय विचारले, लिंग विचारले, ओळखपत्र विचारले. जात विचारली नाही. म्हणून आज सोलापुरात कुणी मला विचारले की बुधवार पेठेतली, सेटलमेंटमधली माणसे जास्त मेली याला पुरावा काय, तर माझ्याकडे डोळ्यांनी पाहिलेले आहे, आकडा नाही. १९१८ च्या मुंबईबद्दल मी आकडा सांगू शकतो. २०२१ च्या माझ्या गल्लीबद्दल सांगू शकत नाही.

जिथे रकाना होता तिथे सत्य बाहेर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबाची जात विचारतात. त्या माहितीवरून केलेला एक अभ्यास जुलै २०२४ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात आला. २०२० या एका वर्षात सवर्ण व ओबीसी हिंदूंचे आयुर्मान १.३ वर्षांनी घटले, अनुसूचित जातींचे २.७, अनुसूचित जमातींचे ४.१ आणि मुसलमानांचे ५.४ वर्षांनी. सरकारने हा अभ्यास फेटाळला. ठीक आहे, फेटाळा. मग तुमचा आकडा द्या. तो नाही, कारण रकाना नाही.

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप, आजारातही जात आणता का? जात आम्ही आणत नाही, ती आधीच तिथे आहे. आम्ही फक्त ती लिहा म्हणतो. रक्तदाब मोजल्याने रक्तदाब वाढत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. दवाखान्याच्या कागदावर जात लिहिली तर वॉर्डात भेदभाव होईल. ही भीती खरी आहे, आणि ज्याने जिल्ह्याच्या दवाखान्यात बाकावर रात्र काढली आहे तो ती हसण्यावारी नेणार नाही. म्हणून आमची मागणी खाटेवरच्या पाटीची नाही. मृत्यू नोंदणीचा सांख्यिकी भाग वेगळा असतो आणि त्यात नाव न उघडता माहिती एकत्र करता येते. धर्म तसाच नोंदला जातो. जातप्रवर्गही नोंदता येईल.

तिसरा आक्षेप, प्रश्न गरिबीचा आहे, जातीचा नाही. असेल. पण हे ठरवायलाही दोन्ही रकाने लागतील. आकडा नसताना जात नाही असे म्हणणारा आणि आकडा नसताना जातच आहे असे म्हणणारा, दोघेही अंदाजच बांधतात. फरक एवढाच की मोजा अशी मागणी आम्ही करतो, ते करत नाहीत.

आता काय करायचे

२०२१ ची जनगणना झालीच नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. चांगली गोष्ट आहे. पण जनगणना जिवंत माणसांची असते. अनुसूचित जातींची लोकसंख्या तर दर जनगणनेत मोजली जातेच. आमच्याकडे जिवंतांचा आकडा आहे, मेलेल्यांचा नाही, आणि आरोग्याचा हिशेब या दोघांवरून निघतो. म्हणून जातगणनेचा जल्लोष करतानाच पुढची मागणी लावून धरली पाहिजे : मृत्यू नोंदणीत प्रवर्गाचा रकाना, साथीच्या प्रत्येक अहवालात वस्तीवार व प्रवर्गवार आकडे, आणि कंत्राटी सफाई कामगार, कचरावेचक, विडी कामगार यांची आरोग्य यादी आधीपासून तयार, साथ आल्यावर नव्हे.

सरकार करील तेव्हा करील. प्रत्येक विहाराने एक वही आजपासून ठेवावी. वस्तीत कोण गेले, कितव्या वर्षी, काय काम करत होते, कशाने गेले, दवाखाना मिळाला का. पाच रकाने पुरेत. जयंतीच्या वर्गणीची वही आपण पै-पैशासह चोख ठेवतो, ही का ठेवता येणार नाही?

महार वतनात जी कामे आमच्या पूर्वजांवर लादली होती त्यांतले एक काम असे की गावात कुणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना मयताची खबर नेऊन द्यायची. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, काठी टेकत जायचे आणि दुसऱ्याच्या मरणाची बातमी लांब उभे राहून सांगायची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये या वतनाविरुद्ध विधेयक आणले आणि पुढे आम्ही ते जू फेकून दिले. पिढ्यान् पिढ्या साऱ्या गावाच्या मरणाची खबर आम्ही दिली. आता स्वतःच्या मरणाची खबर द्यायची वेळ आहे, आणि ती लांब उभे राहून नाही, सरकारच्या टेबलावर वही ठेवून द्यायची आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.